माळ्यावरचे भाडेकरू

घर नीट लावायचे ठरले की बहुतेक घरांत आधी खरेदीची यादी तयार होते. झाकणाचे पारदर्शक डबे, कपाटात अडकवायच्या जाळ्या, पलंगाखाली सरकवायच्या पेट्या, चपलांसाठी उभा रॅक आणि उरलेल्या पैशांत भिंतीवर लावायला एखादे चित्र, असा तिचा साधारण क्रम असतो. ही यादी करण्यात सुख आहे हे मी नाकारणार नाही, कारण ती पूर्ण होईपर्यंत घरातली एकही वस्तू जागची हलवावी लागत नाही. परंतु हातात पैसे मोजके असतील तर ही यादी सर्वांत शेवटी करावी आणि जमल्यास करूच नये, असे माझे मत झाले आहे. पसारा भरून ठेवायला आणलेली पेटी ही पसाऱ्यातच पडलेली भर असते, आणि ती भरली की दुसरी आणावी लागते.

कमी खर्चात घर सुधारताना आपण वस्तूंच्या किमती मोजतो आणि जागेची किंमत मोजायला विसरतो. उदाहरणापुरते असे धरू की पुण्यात ४५० चौरस फुटांच्या एका लहान फ्लॅटचे भाडे महिन्याला १८,००० रुपये आहे. म्हणजे चौरस फुटाला ४० रुपये पडले. त्या घराच्या गॅलरीत बंद पडलेला कूलर चार चौरस फूट अडवून उभा असेल, तर त्याच्यापायी महिन्याला १६० आणि वर्षाला १,९२० रुपये जातात. आणि तो ठेवलेला कशासाठी असतो, तर भंगारात घालून दोन-तीनशे रुपयेच येणार, मग कशाला घाई करा, म्हणून. घर स्वतःच्या मालकीचे असले तरी हा हिशेब सुटत नाही, कारण मालकाने ती जागा भाड्याच्या कितीतरी पट रक्कम मोजून आणि बहुधा कर्ज काढून घेतलेली असते. एकदा हा आकडा डोक्यात बसला की घरातली प्रत्येक वस्तू भाडेकरूसारखी दिसू लागते. पोळपाट-लाटणे रोजच्या रोज भाडे चुकते करते. पुरणयंत्र वर्षातून दोनदा येऊन वर्षाचे भाडे एकदम देते. लग्नात आलेला आणि अजून खोक्यातच असलेला काचेचा डिनर सेट मात्र माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या फुकट राहतो.

हा हिशेब आमच्या आईला मान्य नाही, आणि तिची बाजू समजून घेतल्याशिवाय आमच्यासारख्या घरातला पसारा समजत नाही. आमचे आजी-आजोबा शनिवार पेठेत नदीच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात बिऱ्हाड करून होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मातीच्या भिंतींचे वाडे त्या पाण्यात ढासळले. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि आमचे घर सहकारनगरात आले. आजीने संसार अंगावरच्या कपड्यांनिशी दुसऱ्यांदा मांडला होता, त्यामुळे त्यानंतर तिने उभ्या आयुष्यात एकही डबा, एकही सुतळी, एकही कोरा कागद टाकून दिला नाही.

आई या घरात लग्न होऊन आली ती सत्तरच्या दशकात. गॅसचा नंबर लागायला तेव्हा वर्षे लागत, स्कूटरसाठी नोंदणी करून लोक वाट पाहत बसत, आणि साखर व रॉकेल रेशनच्या रांगेत उभे राहून आणावे लागे. अशा काळात डालड्याचा रिकामा डबा ही खरोखरच मालमत्ता होती. त्यात डाळ राहत असे, त्यात तुळस लावता येत असे आणि कान जोडून घेतले की त्याचीच बादली होत असे. दुधाच्या पिशव्या धुऊन मोरीच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायच्या आणि त्यांची चळत रद्दीवाल्याला विकायची, हे दृश्य माझ्या वयाच्या कोणत्याही मराठी वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. त्या काळाचा विचार करता हे सगळे शहाणपणच होते. वस्तू मिळणे कठीण होते आणि तिला ठेवायला माळा होता.

आता नेमके उलटे झाले आहे. वस्तू स्वस्त आहेत, दारात येऊन पडतात, आणि महाग झाली आहे ती जागा. पण मला अधिक खटकते ते वेगळेच. आजी आणि आई यांच्या काटकसरीला दोन हात होते: एक साठवण्याचा आणि दुसरा दुरुस्त करण्याचा. त्या डबा ठेवून घेत आणि त्याला डागही देऊन आणत. जुने लुगडे ठेवून घेत आणि त्याची गोधडीही शिवत. आमच्या पिढीने या दोहोंतले जे सोडायचे ते धरले आणि जे धरायचे ते सोडले. आम्ही मिक्सरचे रिकामे खोके वॉरंटी संपल्यानंतरही जपतो आणि खुर्चीचा एक पाय डुगडुगायला लागला की नवी खुर्ची मागवतो. कमी पैशांत घर सुधारण्याची सगळी युक्ती मला तरी या एका अदलाबदलीत दिसते.

पश्चिम महाराष्ट्रात नवरात्राच्या आधी घरोघर दसरा काढतात. घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे ओढ्यावर किंवा नदीवर नेऊन धुवायची, मांडणीवरची भांडी खाली उतरवून चिंचेने घासायची, कणगीपासून खुंटीपर्यंत प्रत्येक गोष्ट अंगणात आणायची, रिकाम्या घराच्या भिंतींना हात द्यायचा आणि मग वस्तू पुन्हा आत न्यायच्या. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी म्हणजे सगळे बाहेर काढणे. जागच्या जागी पुसून घेतलेली वस्तू आपल्याला कधीच परकी वाटत नाही. अंगणात उन्हात पडलेली वस्तू मात्र उघडी पडते. हिला परत आत का न्यायचे, असा प्रश्न तिथे सहज पडतो. फ्लॅटला अंगण नाही, म्हणून आम्ही हॉलच्या मध्यभागी जुनी चादर अंथरली आणि एका वेळी एकच कप्पा तिच्यावर रिकामा केला. एकदम सगळे घर उपसणाऱ्यांचा उत्साह संध्याकाळपर्यंत मावळतो आणि मग रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळे जसेच्या तसे पुन्हा कोंबले जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

वस्तू ठेवायची की काढायची, यासाठी आम्ही सणांचे माप लावले. गणपती, दिवाळी, संक्रांत आणि उन्हाळ्यातली वाळवणे, या चारांपैकी एकाही निमित्ताने जी वस्तू खाली उतरली नाही ती जाईल, असे ठरले. मोठी परात, पितळी पातेले, शेवेचा सोऱ्या, पापड लाटायचे पोळपाट ही मंडळी या परीक्षेत सहज उत्तीर्ण झाली. जुन्या टीव्हीचा अँटेना नापास झाला. आईने तरीही हात पुढे केला.

"असू दे रे, लागेल कधीतरी."

"कधी लागेल, आई?"

"लागल्यावर कळेलच की."

या युक्तिवादाला उत्तर नाही, आणि मी ते शोधलेही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून वस्तू हिसकावून घर नीटनेटके होत नसते. आम्ही आईला माळ्याचा एक कोपरा तोडून दिला, तिथे काय ठेवायचे हे तिने ठरवायचे आणि तो भरला की नव्या वस्तूसाठी जुनी काढायची, अशा अटीवर. गंमत अशी झाली की स्वतःची हद्द आखून मिळाल्यावर अँटेना तिने स्वतःच बाहेर टाकला, कारण त्या जागेत तिला लोणच्याच्या बरण्या हव्या होत्या.

काढलेल्या वस्तूंचे काय करायचे, हे आधी ठरलेले नसेल तर त्या दाराशी पिशव्यांत बसून राहतात आणि पंधरवड्याने आत येतात. पुण्यात या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली येथे उभी राहिली आणि त्याच चळवळीतून पुढे घरोघरी जाऊन कचरा गोळा करणारी सहकारी संस्थाही निघाली; त्यामुळे काच, पत्रा, पुठ्ठा वेगवेगळा बांधून दिला तर तो योग्य हातांत जातो. जुन्या वायरी, चार्जर आणि बंद पडलेले फोन मात्र भंगारात न देता ई-कचऱ्यातच द्यावेत. कपड्यांसाठी बोहारीण अजून आमच्या भागात येते. ती कपडे उलटसुलट करून, उजेडात धरून, विटलेला काठ बोटाने दाखवून जी घासाघीस करते ती ऐकण्यासारखी असते, आणि पुढे ते कपडे धुऊन, शिवून पुन्हा बाजारात जातात हेही खरे. फक्त तिच्याकडून मोबदल्यात मोठे पातेले घेण्याचा मोह टाळावा, नाहीतर कपाटातून निघालेला पसारा ओट्यावर येऊन बसतो. आम्ही चमचे मागून घेतले, कारण आमच्या घरात चमचे कुठे जातात हे अद्याप कोणाला उलगडलेले नाही.

या उलथापालथीत आजीची गोधडी निघाली. तिच्या नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक घालून, कडेपासून मधोमध येत धावदोऱ्याने शिवलेली, पोटात कुठेतरी आजोबांच्या धोतराचा तुकडा असलेली. आठवण म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली होती, म्हणजे ती कोणालाही आठवत नव्हती. आम्ही ती उन्हात दोन्ही बाजूंनी तापवली, विरलेल्या जागी ठिगळे लावली आणि हॉलमधल्या दिवाणावर अंथरली. घरात येणारा प्रत्येक जण आता तिच्यावर हात फिरवून पाहतो. त्या दिवाणासाठी लक्ष्मी रोडवर जाऊन आणलेल्या कोणत्याही चादरीने हे साधले नसते. जुन्या वस्तू टाका असे सरसकट सांगणारे लोक मला म्हणूनच पटत नाहीत. वस्तू जुनी आहे की नवी, याला महत्त्व नाही. ती कामावर आहे की नाही, एवढेच पाहावे.

घर रिकामे झाल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या भिंती, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत, असे मी म्हणेन. मात्र रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी ओल शोधावी लागते. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपतो, बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगांतून पाणी आत मुरते, आणि आतून रंगाला फोड येऊन पांढरा खार फुटतो. त्यावर कितीही महाग रंग दिला तरी पुढच्या श्रावणात तो पापुद्र्यांनी सुटतो. ओल भिंतीतून येते आहे की खोलीतल्या हवेची आहे, हे ओळखण्याची एक फुकट युक्ती आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळत नाही. पहिल्या प्रकारात आधी बाहेरची भेग बुजवावी लागते किंवा वरच्या मजल्यावरच्या मोरीकडे मान वर करून पाहावे लागते. दुसऱ्या प्रकारात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले तरी पुष्कळदा भागते. पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन पडेपर्यंत भिंत वाळत नाही, म्हणून रंगकाम दिवाळीच्या तोंडावर करण्याच्या प्रथेमागे व्यवहार आहे. फक्त तेव्हा रंगारी मिळत नाही आणि मिळाला तर भाव सांगतो.

हॉलला आम्ही साधे ऑइल बाउंड डिस्टेंपर दिले. गॅलरी, माळा आणि जिन्याखालची खोली यांना मात्र चुना दिला, आणि या निर्णयावर मी अजूनही खूश आहे. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो अक्षरशः खदखदतो, इतकी उष्णता त्यातून निघते; म्हणून तो पत्र्याच्या पिंपात भिजवावा, लहान मुलांना लांब ठेवावे आणि डोळ्यांत शिंतोडा उडणार नाही याची काळजी घ्यावी. एक-दोन दिवस मुरल्यावर तो फडक्यातून गाळून घेतात, अंगाला पांढरे लागू नये म्हणून त्यात सरस किंवा डिंक मिसळतात आणि पिवळटपणा मारण्यासाठी चिमूटभर नीळ. पहिला हात दिल्यावर नवशिक्याची निराशा होते, कारण ओला चुना जवळपास पारदर्शक दिसतो. तो वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचा पुन्हा चुनखडीसारखा कठीण थर होतो आणि मग शुभ्रता वर येते. म्हणून जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात बरे. चुना अल्कधर्मी असल्याने त्याच्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही, आणि भिंतीला बाष्प बाहेर टाकता येते. जुन्या ऑइल पेंटवर किंवा प्लास्टिक पेंटवर मात्र तो बसत नाही, तिथे आधी खरवडून घ्यावे लागते. विदर्भ-मराठवाड्यात गच्चीवर चुना मारून उन्हाळ्यात खोली थोडी गार ठेवतात, तो हाच स्वस्त चुना.

भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांना आम्ही गेरूच्या रंगाचा पट्टा ओढला. शाळांमधून आणि चाळींच्या व्हरांड्यांतून असे पट्टे आपण पाहिलेले असतात, आणि त्यामागचे कारण सरळ आहे: केरसुणीचा मार, फरशी पुसल्याचे शिंतोडे, मुलांच्या सायकलचे चाक, हे सगळे त्याच उंचीवर लागते. संपूर्ण भिंत पांढरी ठेवली तर ती खालून मळते आणि मग सगळी रंगवावी लागते; पट्टा असला तर तेवढाच पुन्हा रंगवता येतो. शिवाय तो दिसतोही चांगला. सजावट म्हणजे वरून आणून चिकटवलेली वस्तू, हा समज मी सेवाग्रामला सोडून आलो. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या त्या खेड्यात राहायला गेले, आणि तिथे माती-बांबूच्या, कवेलूंच्या बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढले आहेत. भिंतीचीच माती, तिचाच रंग, एका पैशाचा वेगळा माल नाही. आणि तरी खोलीत शिरल्यावर नजर तिथेच जाते.

आता वस्तू कुठे ठेवायच्या, याबद्दल. जुन्या मराठी घराची मला वाटणारी थोरवी ही की त्यात जमीन मोकळी असे. कोनाड्यात दिवा, देवळीत काडेपेटी, खुंटीवर पिशवी, वलणीवर कपडे, शिंकाळ्यात दूध-लोणी, फळीवर डबे आणि कोपऱ्यात एकावर एक चढवलेली मडक्यांची उतरंड. सगळी साठवण उभी होती, म्हणून खाली दहा माणसांची पंगत बसू शकत होती आणि त्याच जागेत रात्री अंथरुणे पडत होती. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या एका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे राहिली ती याच तत्त्वावर. सकाळी वळकट्या करून ट्रंकेवर रचायच्या, पलंगाखाली स्वयंपाकाचा निम्मा संसार, दारामागच्या खुंट्यांवर सगळ्यांचे कपडे. त्या राहणीचे गोडवे मी गाणार नाही, ती नाइलाजाची होती आणि बायकांना तिच्यात क्षणाचाही एकांत नव्हता. पण जागा वापरण्याचे जे कसब त्या खोल्यांत तयार झाले ते वाया घालवण्याचे कारण नाही.

आम्ही म्हणून स्वयंपाकघरातली जमिनीवर उभी असलेली दोन टेबले काढली आणि आईच्या लग्नातली स्टीलची मांडणी माळ्यावरून उतरवून भिंतीला ठोकली. ताटे उभी, वाट्या पालथ्या, पेले दांडीला, चमचे खालच्या जाळीत. प्रत्येक गोष्ट दिसते, धुतलेली भांडी तिथेच निथळतात आणि ताट कुठे आहे हे पाहुण्यालाही विचारावे लागत नाही. तथाकथित मॉड्युलर ओट्याच्या खालचे खोल कप्पे मला कधीच पटलेले नाहीत. त्यांच्या मागच्या टोकाला गेलेली वस्तू झुरळांच्या मालकीची होते. दाराच्या वरच्या जागेत, जिथे एरवी फक्त जळमटे असतात, तिथे एक लांब फळी मारून पुस्तके ठेवली. दारामागे पुन्हा खुंट्या आल्या. डब्यांबाबत एवढेच सांगतो की सगळे डबे एकसारखे असण्याची काही गरज नाही, एका फळीवरचे डबे एका उंचीचे असले की डोळ्याला पुरते. आणि नवे डबे घेण्याऐवजी कागदाची पट्टी चिकटवून तीवर नाव लिहिले तर साबुदाणा शोधताना भगरीचा डबा उघडला जात नाही.

लाकडी सामानाच्या बाबतीत माझा सल्ला जुन्या बाजाराचा आहे. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, किंवा एखादे घर मोडताना निघणाऱ्या सामानात, अस्सल सागवानी कपाटे, खुर्च्या, चौरंग अजून मिळतात. त्यांची कळा गेलेली असते, लाकूड गेलेले नसते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त सामान बहुधा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे असते. पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि एकदा खोलून पुन्हा जोडले की स्क्रू धरत नाहीत, म्हणजे घर बदलणाऱ्या भाडेकरूसाठी तर ते दुप्पट महाग. नवे करून घ्यायचेच असेल तर सुताराला प्लायचा शिक्का दाखवायला सांगावे. आयएस ३०३ असे लिहिलेले साधे प्लाय कोरड्या खोलीत चालते. मोरीजवळ किंवा ओट्याखाली आयएस ७१० लागते, ज्याला बाजारात मरीन म्हणतात. आमचे आजोबांच्या वेळचे फडताळ पडून होते. त्याच्या बिजागऱ्या बदलल्या, पॉलिश पेपरने जुना काळा थर घासून काढला, भोकांत लांबी भरली आणि चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ हात कापसाच्या बोळ्याने फिरवले. चपडी म्हणजे लाखच. ती वाळते लवकर, चमकते आणि खरचटले तर तेवढ्यापुरती पुन्हा लावता येते. गरम कप ठेवला तर पांढरी चकती उमटते, एवढा एक दोष.

उजेडावर फार लिहीत नाही, पण तो विसरू नये. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला १.३५ युनिट वीज घेतो. त्याच उजेडाचा जुना ६० वॅटचा बल्ब ९ युनिट घेत असे. हे दिवे २०१५ नंतर सरकारी योजनेमुळे आणि मोठ्या खरेदीमुळे इतके स्वस्त झाले की रंग सोडून खोलीचे रूप बदलण्याचा याहून कमी खर्चाचा मार्ग मला माहीत नाही. बैठकीच्या खोलीत निळसर पांढरा एकच ट्यूबलाइट छताला असला की कालच रंगवलेली भिंतही दवाखान्याची वाटते. तिथे पिवळसर झाकेचे दोन दिवे दोन कोपऱ्यांत, खाली, डोळ्यांच्या उंचीला लावावेत, आणि पांढरा उजेड ओट्यावर व अभ्यासाच्या टेबलावर ठेवावा. खिडक्यांना बायकोने जुन्या सुती साड्यांचे पडदे शिवले. काठ खाली येईल असे शिवले की वेगळी झालर लागत नाही, आणि सुती कापडातून दुपारचे ऊन गाळून येते, जे जाड पॉलिस्टरच्या तयार पडद्यांतून येत नाही.

या सगळ्याला १५,००० रुपयांच्या आत खर्च आला आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग रंगाऱ्याच्या व सुताराच्या मजुरीचा होता, जो मला अजिबात जड वाटत नाही. माणसाच्या हाताला दिलेले पैसे घराला लागतात, असे आजी म्हणत असे. ज्यांचे घर भाड्याचे आहे आणि मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, त्यांना भिंती वापरता येत नाहीत ही अडचण खरी आहे. त्यांनी उभी, सुटी होणारी लोखंडी घडवंची घ्यावी, पडद्याच्या दांडीला पिशव्या अडकवाव्यात आणि खर्च फक्त त्याच गोष्टींवर करावा ज्या टेम्पोत चढतात. गोधडी, दिवे, पडदे आणि सागवानी खुर्ची या सगळ्या टेम्पोत चढतात.

आमच्या घरात अजून एक वाद मिटलेला नाही, आणि तो हॉलमधल्या काचेच्या शोकेसचा आहे. तिच्यात वडिलांना नोकरीत मिळालेली स्मृतिचिन्हे, पाहुण्यांसाठी राखलेले कपबशांचे संच, एक ताजमहाल, शंखांचा गणपती आणि माझ्या शाळेतल्या वक्तृत्वाच्या ढाली आहेत. ती सहा चौरस फूट जागा अडवते, म्हणजे माझ्या हिशेबाने वर्षाला जवळपास तीन हजारांचे भाडे बुडवते, आणि हे मी आईला सांगूनही पाहिले. त्यावर तिने कपबशा बाहेर काढल्या, रोजचा चहा त्यांतून द्यायला सुरुवात केली आणि शोकेस आता भाडे भरते असे जाहीर केले. दोन बशा तेवढ्यात फुटल्या. ढालींचे काय करायचे, हे तिने माझ्यावर सोपवले आहे, आणि मी त्या तूर्त तिथेच राहू दिल्या आहेत.